अनुभवाच्या शिदोरीवरचा व्यवसाय : एक्झिक्युटिव्ह आणि वेलनेस कोच

सातारा-सांगलीत ‘कोचिंग’ म्हटले की बारावीच्या शिकवण्या नाहीतर खेळाचे मैदान डोळ्यांसमोर येते. त्यामुळे पंचेचाळिशीतील एखादा व्यवस्थापक ‘एक्झिक्युटिव्ह कोच’ होण्यासाठी नोकरी सोडू पाहतो, किंवा विशीतील मुलगी ‘वेलनेस कोच’ होण्याचा मनोदय घरी सांगते, तेव्हा हे नेमके कोणते काम, असा प्रश्न घरच्यांना पडणे स्वाभाविक ठरते. शिक्षक ठाऊक नसलेले शिकवतो, सल्लागार उत्तर देतो आणि समुपदेशक मनाच्या त्रासातून वाट काढण्यास मदत करतो. कोच मात्र समोरच्या व्यक्तीने स्वतः ठरवलेले उद्दिष्ट तिनेच गाठावे यासाठी ठरावीक बैठकींत नेमके प्रश्न विचारतो आणि ठरलेल्या कृतींचा पाठपुरावा करतो. उद्योगातील अधिकाऱ्यांसोबत हे काम करणारा एक्झिक्युटिव्ह कोच, तर आहार, झोप, व्यायाम यांच्या सवयी बदलू पाहणाऱ्यांसोबत करणारा वेलनेस कोच होय.

या पद्धतीचे मूळ खेळाच्या मैदानातच आहे. टिमोथी गॉलवे यांनी १९७४ मध्ये टेनिसवरील पुस्तकात, खेळाडूला सूचनांचा मारा करण्याऐवजी त्याचे निरीक्षण जागे करावे, असे मांडले. जॉन व्हिटमोर यांनी तोच विचार १९९२ मधील आपल्या पुस्तकातून उद्योगांपर्यंत नेला. त्यातून रूढ झालेल्या ‘ग्रो’ या आराखड्यात ध्येय, सद्यःस्थिती, पर्याय आणि कृतीचा निश्चय असे चार टप्पे असतात.

या मातीतील दोन धागे

हे दोन्ही व्यवसाय नावाने नवे असले तरी त्यांची गरज या भागाला नवी नाही, हे औंध संस्थानाच्या इतिहासावरून दिसते. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा शाळाशाळांतून प्रसार केला आणि त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये परदेशी वाचकांपर्यंतही पोहोचले. याच राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. आरोग्याची सवय आणि उद्योगाची उभारणी असे दोन्ही धागे एकाच संस्थानात विणले गेले. मात्र बाळासाहेब स्वतः नमस्कार घालत आणि लक्ष्मणरावांनी माळावर वसाहत उभारण्याआधी बेळगावात कारखाना चालवला होता, म्हणजे दोघांच्याही बोलण्याला आधी केलेल्या कामाचे वजन होते.

कोचिंगच्या व्यवसायाचे मर्म याच वजनात आहे. मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री, शिरवळ पट्ट्यातील कारखाना, सहकारी साखर कारखाना किंवा पतसंस्था येथे अधिकाऱ्यासमोर बसणाऱ्या कोचला उत्पादनाचा दबाव, कामगारांशी बोलणी किंवा वडिलांकडून मुलाकडे येणाऱ्या कारभारातील ताण ठाऊक नसेल, तर त्याचे प्रश्न पुस्तकी राहतात. हा व्यवसाय म्हणूनच सहसा पहिला नसून दुसरा असतो. उलट मराठीत, घरच्या व्यवहाराच्या भाषेत काम करू शकणारा अनुभवी कोच दोन पिढ्यांच्या अशा उद्योगात बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा उपयोगी ठरू शकतो.

पात्रता आणि मर्यादा

भारतात कोच होण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही, आणि हीच मोकळीक या क्षेत्राचा सर्वांत मोठा धोकाही आहे. म्हणून १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रे जगभर निकष मानली जातात : पहिल्या पातळीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण, १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव आणि मार्गदर्शक कोचसोबत १० तास लागतात, तर दुसऱ्या पातळीसाठी १२५ तासांचे प्रशिक्षण आणि ५०० तासांचा अनुभव अपेक्षित असतो. वेलनेसकडे वळणाऱ्यांनी आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षांचाही विचार करावा.

वेलनेस कोचने रोगनिदान करू नये, डॉक्टरांनी दिलेले औषध बदलू नये आणि मधुमेह बरा करण्याची जाहिरात करू नये. अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे. ‘वेलनेस कोच’ अशी पाटी लावून पावडरचे डबे विकणे आणि त्यासाठी नवे सभासद जोडत राहणे ही साखळी विक्री होय; ज्या कामात कमाई ग्राहकाच्या बदललेल्या सवयींऐवजी डब्यांच्या खपावर ठरते, त्याला कोचिंग म्हणता येत नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे

या क्षेत्राची ओढ वाटणाऱ्या विद्यार्थ्याने बारावीनंतर लगेच कोचिंगचे प्रमाणपत्र घेण्याऐवजी आधी पायाचा विषय पक्का करावा. वेलनेससाठी फिजिओथेरपी, आहारशास्त्र, परिचर्या, आयुर्वेद किंवा शारीरिक शिक्षण हे मार्ग आहेत, आणि मिरज व कराड ही वैद्यकीय शिक्षणाची जुनी केंद्रे जवळच आहेत. एक्झिक्युटिव्ह कोचिंगसाठी मानसशास्त्र, अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन शिकून प्रत्यक्ष कारखान्यात वा संस्थेत माणसे सांभाळण्याचा दीर्घ अनुभव घ्यावा. सल्ला देण्याचा मोह आवरून समोरच्याचे पुरते ऐकून घेण्याचा सराव मात्र महाविद्यालयाच्या गटकार्यातही करता येतो.

पालकांची आणि कुटुंबाची चिंता

चाळिशीनंतर कोच होऊ पाहणाऱ्याने नोकरी चालू असतानाच सुट्टीच्या दिवशी पहिले शंभर तास पूर्ण करावेत, कारण ते पूर्ण होईपर्यंत या कामाची आवड आणि ग्राहकांची तयारी दोन्ही कळून येतात, आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला पडल्यावरच राजीनाम्याचा विचार करावा. संस्थेचे शुल्क भरण्यापूर्वी कुटुंबाने चार प्रश्न विचारावेत : प्रमाणपत्र कोण देते, प्रत्यक्ष बैठका किती घ्याव्या लागतात, त्या ऐकून चुका कोण दाखवते, आणि आधीच्या विद्यार्थ्यांना पैसे देणारे ग्राहक मिळाले का. चौथ्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी संस्था त्याच संस्थेचे अभ्यासक्रम विकण्याचे काम देऊ करत असेल, तर शुल्क वाचवणे इष्ट.

पालकांची भीती बहुधा अस्थिर उत्पन्नाची असते आणि ती निराधार नाही. परंतु कोचिंग मागे पडले तरी फिजिओथेरपिस्टचा दवाखाना वा अभियंत्याची नोकरी हाती राहते. आधी पाया, मग कोचिंग हा क्रम म्हणूनच विद्यार्थ्याइतकाच पालकालाही परवडणारा आहे.