व्हिमची फाइल आणि टिल्डवाली प्रत

असाइनमेंटचा कोड उडाला तर शेजारच्या रूममधून मिळतो. पण तुमची व्हिमची सेटिंगची फाइल, म्हणजे लिनक्सवरची डॉट-व्हिमआरसी किंवा विंडोजवरची अंडरस्कोर-व्हिमआरसी, दुसऱ्या कोणाकडेच नसते. दोन-तीन सेमिस्टर एकेक ओळ घालत ती तयार होते. कुठली की दाबली की कंपाइल व्हायचं, टॅब किती स्पेसचा, सगळं तिच्यात. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री ती बिघडली तर हात बांधल्यासारखेच होतात.

बऱ्याच जणांना वाटतं, व्हिम आपोआप बॅकअप ठेवतो. अर्धंच खरं आहे. सेव्ह करताना व्हिम जुन्या फाइलची प्रत काढतो, पण नवी फाइल नीट लिहून झाली की मूळ सेटिंगमध्ये ती प्रत स्वतःच पुसून टाकतो. म्हणजे सेव्ह होता होता लाइट गेली किंवा डिस्क भरली, तेवढ्यापुरतीच ती सोय. प्रत मागे राहावी असं वाटत असेल तर फाइलमध्ये ‘सेट बॅकअप’ ही ओळ घाला (अर्थातच इंग्रजी अक्षरांत). मग नावाच्या शेवटी टिल्ड लागलेली जुनी प्रत शिल्लक राहते.

खरी गोची इथेच आहे. ही प्रत एकच असते. समजा नऊ वाजता चांगल्या दहा ओळी उडाल्या आणि तुम्ही सेव्ह केलं. टिल्डवाली प्रत अजून चांगली आहे. सव्वानऊला दुसरंच काहीतरी बदलून परत सेव्ह केलं, की तीसुद्धा बिघडलेली! म्हणून प्रत्येक प्रतीच्या नावात तारीख-वेळ हवी. व्हिममध्ये ‘बफराइटप्री’ नावाचा इव्हेंट आहे, तो फाइल लिहायच्या अगदी आधी घडतो. त्याला एक ऑटोकमांड जोडा आणि तिच्यात ‘बॅकअपएक्स्ट’ या ऑप्शनला ‘एसटीआरएफटाइम’ फंक्शनने काढलेली तारीख-वेळ द्या. तास-मिनिटांच्या मध्ये कोलन नको, विंडोजला फाइलच्या नावात तो चालत नाही. या प्रती ‘बॅकअपडीर’ वापरून वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवा. फोल्डर मात्र आधी स्वतः बनवा, नाहीतर व्हिम एरर देऊन सेव्ह करायलाच नकार देतो.

ईमॅक्सवाल्यांनी फार हसू नये. त्यांची टिल्डवाली प्रत आपोआप राहते खरी, पण फाइल उघडल्यानंतरच्या फक्त पहिल्या सेव्हला.

आता हा फोल्डर त्याच हार्ड डिस्कवर असेल तर? खाडीपलीकडे सांताक्रूझला २६ जुलै २००५ च्या पावसात २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली होती. तसं पाणी तळमजल्याच्या रूममध्ये शिरलं तर फाइल आणि तिच्या सगळ्या प्रती एकाच डब्यात भिजणार. म्हणून लिनक्सवर क्रॉनला सांगून हा फोल्डर रोज दुसऱ्या मशीनवर कॉपी करा. वेळ पहाटे चारची देऊ नका; पीसी बंद असेल तर साधा क्रॉन ते काम सोडूनच देतो. (आपल्या होस्टेलमध्ये पहाटे चारला बरेच पीसी चालू असतात, ती गोष्ट वेगळी!)

आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी प्रत घ्या, व्हिमला ‘मायनस यू’ पुढे तिचं नाव देऊन सुरू करा आणि तुमच्या नेहमीच्या कीज चालतात का ते बघा.