मैत्री आणि मतभेद : डार्विन व हूकर यांचा पत्रव्यवहार

निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन व वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर या इंग्रज विद्वानांचा पत्रव्यवहार इ. स. १८४३ मध्ये सुरू झाला आणि १८८२ साली डार्विन यांचे निधन होईपर्यंत चालू राहिला. त्यांतील सुमारे चौदाशे पत्रे आज उपलब्ध आहेत. जीवजाती अचल नसून कालांतराने बदलतात, हा आपला विचार त्या काळी लोकांस रुचणार नाही, हे डार्विन जाणून होते. जानेवारी १८४४ मध्ये त्यांनी तो हूकर यांस पत्राने कळविला. हूकर यांनी तो एकदम मान्य केला नाही. तसेच त्याचा उपहासही केला नाही.

त्यांच्या मतभेदाचे एक उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. दूरच्या बेटांवर वनस्पती पोहोचल्या कशा? बिया समुद्रातून वाहत गेल्या असाव्यात, असे डार्विन यांस वाटे. हूकर यांस ते पटत नव्हते. तेव्हा १८५५ साली डार्विन यांनी घरीच हळीव, मुळा, कांदा इत्यादींच्या बिया खाऱ्या पाण्यात ठेवल्या. वडील हूकरसाहेबांस हरवणार काय, याची त्यांच्या मुलांस मोठी उत्सुकता होती! ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवसांनंतरही रुजल्या. परंतु बहुतेक बिया पाण्यात बुडत; मग त्या वाहत जाणार कशा? ही अडचण डार्विन यांनी मित्रापासून लपविली नाही. पुढे ९४ वनस्पतींच्या फळांसह फांद्या वाळवून पाण्यात सोडल्या असता १८ वनस्पती २८ दिवसांहून अधिक काळ तरंगल्या. मित्राच्या शंकेमुळे प्रयोग अधिक काटेकोर झाला.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात मुळ्याच्या वीस बिया आठवडाभर ठेवाव्यात. नंतर त्या धुऊन एका कुंडीत व तितक्याच कोरड्या बिया दुसऱ्या कुंडीत पेराव्यात. काय होईल, याविषयीचा अंदाज प्रत्येक विद्यार्थ्याने कारणासह आधी वहीत लिहावा. शिक्षकांनीही आपला अंदाज फळ्यावर लिहावा. मात्र तोच खरा, असे भासवू नये. शेवटी उगवलेली रोपे मुलांकडूनच मोजून घ्यावीत.

शिक्षकांचा अंदाज चुकला व एखाद्या मुलाचा बरोबर आला, तर तसे वर्गापुढे मोकळेपणाने सांगावे. शंका विचारणे म्हणजे गुरूंचा अनादर नव्हे, हे मुलांस त्या दिवशी निराळे शिकवावे लागणार नाही.