भंगार वितळतं, कागद ठेवा

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझी छोटी फाउंड्री आहे. भट्टीला लागणारं भंगार व्यापाऱ्यांकडून घेतो. त्यावर 18 टक्के जीएसटी भरतो आणि पुढे त्याचं क्रेडिट वापरतो. आमच्या एका पुरवठादाराची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली. तो फक्त बिलं विकत होता, माल कधी दिलाच नाही, असं ठरलं. साहजिकच त्याची बिलं घेणारा मीही करचुकवा ठरलो. माल तर केव्हाच वितळून, कास्टिंग होऊन गिऱ्हाइकाकडे पोचला होता. तो आला होता, हे आता सिद्ध कसं करायचं?

इथेच बहुतेक लोक अडकतात. बिल आहे, पैसे बँकेतून दिलेत, मग काळजी कशाची, असं आपल्याला वाटतं. पण तेवढं पुरत नाही. कर्नाटकातल्या इकॉम गिल कॉफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये तेच सांगितलं: माल प्रत्यक्ष आला हे दाखवण्याची जबाबदारी क्रेडिट घेणाऱ्याची, नुसतं बिल आणि चेक दाखवून ती संपत नाही. तो खटला जुन्या व्हॅटचा होता, पण जीएसटीच्या प्रकरणांतही त्याचा दाखला दिला जातो. मला वाचवलं ते आमच्या गेटवरच्या रजिस्टरने. त्यात गाडीचा नंबर, वेळ, ड्रायव्हरची सही होती. त्याला वजनकाट्याची पावती, ट्रान्सपोर्टची बिल्टी, ई-वे बिल आणि त्या दिवशीचं भट्टीचं चार्जशीट (भट्टीत काय टाकलं त्याची नोंद) जोडलं. एकेक गाडी अशी लावली की कोऱ्या मनाने पाहणाऱ्यालाही माल आत येऊन वितळलेला दिसावा. हे काम वकील करत नाही. ते आपल्यालाच, आपल्या स्टोअरकीपरला शेजारी बसवून करावं लागतं.

कागद जुळवायच्या आधी मात्र चौकशीचे दिवस येतात, आणि सगळं नुकसान तिथेच होतं. जीएसटी कायद्याच्या कलम 70 चा समन्स आला की जायचंच; टाळणाऱ्याची बाजू पहिल्याच दिवशी पडते. ही चौकशी कायद्याने न्यायालयीन कामकाज मानली जाते, म्हणून तिथे खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा होतो. पण अंदाजाने बोलणं हेही तितकंच घातक. ‘रेकॉर्ड पाहून लेखी कळवतो’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन! जबाब पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. न बोललेलं वाक्य त्यात असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. दबावाखाली सही झाली असेल तर दुसऱ्याच दिवशी लेखी हरकत पाठवा. महिन्यांनंतर जबाब फिरवला तर कोणी विश्वास ठेवत नाही.

चौकशीत रात्री उशिरा ‘आत्ता थोडे भरा, प्रकरण हलकं होईल’ असं मलाही सुचवलं गेलं. घरचे घाबरले होते, भरून टाका म्हणत होते. पण झडती किंवा चौकशी चालू असताना जबरदस्तीने वसुली करायची नाही, अशी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची 2022 ची सूचनाच आहे. डीआरसी-03 या फॉर्मने भरलेली रक्कम स्वेच्छेची मानली जाते आणि ती परत मिळवताना चपला झिजतात. भरायचंच असेल तर सीएशी बोलून, शुद्धीवर असताना भरा.

अटकेची भीती सगळ्यात मोठी. तिचा नीट हिशेब समजून घ्या. खोट्या बिलांवरचं क्रेडिट 5 कोटींच्या वर गेलं तर गुन्हा अजामीनपात्र आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. खालच्या रकमांना जामीन मिळतो. राधिका अगरवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं की जीएसटीतही अटकपूर्व जामीन मागता येतो आणि अटकेची कारणं सांगावीच लागतात. म्हणून फौजदारी वकील आणि कर सल्लागार हे दोघेही लागतात. एकाने दुसऱ्याचं काम करू नये.

ज्याने खरोखरच बिलं विकत घेतली असतील, त्याने निदान स्वतःच्या वकिलापासून ते लपवू नये. नोटीस यायच्या आधी कर, व्याज आणि 15 टक्के दंड भरला तर मागणीचं प्रकरण मिटू शकतं. नोटिशीनंतर तोच दंड 25 टक्के होतो, आणि तोही ठरावीक मुदतीत भरला तरच. लपवालपवीत हा मार्ग हातचा जातो.

आमच्या प्रकरणात बहुतेक मागणी मागे घेतली गेली. काही गाड्यांच्या वजनपावत्या सापडल्या नाहीत, तेवढ्यापुरतं अपील चालू आहे. अपिलाची मुदत तीन महिने, उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी एक. वादातल्या कराच्या 10 टक्के रक्कम भरली की बाकीची वसुली थांबते. पण ज्यावर अपील करायचं तो मागणीचा आदेश पोस्टाने येईलच असं नाही. पोर्टलवर टाकला तरी तो मिळाला असं धरलं जातं. आमच्या वसाहतीतल्या एका ओळखीच्या उद्योजकाची मुदत अशीच निघून गेली, त्याच्या अकाउंटंटने लॉगिनच केलं नव्हतं. आता दर सोमवारी मी स्वतः पोर्टल उघडून नोटिसांचं पान पाहतो.