घटक ४ : ‘तार’ ते ‘दूरसंचार’ – भारतातील दूरसंचार क्षेत्राची वाढ आणि नियमन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
१. भारतातील दूरसंचार क्षेत्राच्या वाढीचे टप्पे सांगणे.
२. ‘नियंत्रण’ आणि ‘नियमन’ या संज्ञांतील भेद स्पष्ट करणे.
३. कायद्यातील शब्दाची अर्थव्याप्ती आणि नागरिकांचे हक्क यांचा संबंध उलगडून दाखवणे.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी ज्यांचे वय चाळिशीच्या पुढे आहे, त्यांना ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे आठवत असतील. घरी दूरध्वनी नसलेली माणसे शेजाऱ्यांचा क्रमांक देत आणि त्यापुढे ही अक्षरे लिहीत. निरोप आला की शेजारच्या घरातून हाक येई. ‘ट्रंक कॉल’, ‘एसटीडी बूथ’ हे शब्दही त्याच काळातले. आज ते बोलण्यातून जवळजवळ गेले आहेत. हे शब्द का आले आणि का गेले, याचे उत्तर केवळ यंत्रांच्या प्रगतीत नाही; ते कायद्यात आणि धोरणातही शोधावे लागते.

४.२ मक्तेदारीचा काळ

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार शासनाकडे ठेवला. मात्र शासनाला इतरांना परवाना देण्याची मुभाही त्यात होती. या कायद्यातील ‘तार’ या संज्ञेची व्याख्या इतकी व्यापक होत गेली, की दूरध्वनी आणि पुढे भ्रमणध्वनीही तिच्यात सामावले. भाषाविज्ञानात ज्याला अर्थविस्तार म्हणतात, त्याचे हे ठळक उदाहरण होय. भ्रमणध्वनी कंपन्यांना मिळालेले परवाने याच ‘तारे’च्या कायद्याखालचे होते. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी कायद्यात ‘तार’ नांदतच राहिली. तिची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर अनेक दशके दूरध्वनी ही चैनीची वस्तू मानली गेली. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणे नेहमीचेच होते. १९८४ मध्ये ‘सी-डॉट’ ही संशोधन संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तिने भारतीय हवामानाला व ग्रामीण गरजांना मानवतील अशी विनिमय केंद्रे विकसित केली. १९८५ मध्ये टपाल व दूरसंचार हे विभाग वेगळे झाले आणि १९८६ मध्ये मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. तरीही १९९१ मध्ये सुमारे ८४ कोटी लोकसंख्येच्या देशात दूरध्वनी जोडण्या जेमतेम ५० लाखांच्या आसपास होत्या.

४.३ स्पर्धेचा आरंभ

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संवाद साधला. परवान्यांसाठी देशाचे ‘परिमंडळां’त विभाजन झाले. महाराष्ट्र व गोवा मिळून एक परिमंडळ ठरले; मुंबई मात्र स्वतंत्र राहिली. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, म्हणून हे साधन मोजक्यांच्याच हाती होते.

कंपन्यांनी परवान्यांसाठी मोठ्या रकमांच्या बोली लावल्या आणि त्या फेडताना त्यांची दमछाक झाली. १९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले. २०१५ च्या अखेरीस भ्रमणध्वनी जोडण्यांनी १०० कोटींचा टप्पा ओलांडला. येथे जोडणी आणि व्यक्ती यांत गल्लत करू नये. एका व्यक्तीकडे दोन जोडण्या असू शकतात.

४.४ नियंत्रण आणि नियमन

हे दोन शब्द रूपाने जवळचे असले, तरी अर्थाने वेगळे आहेत. नियंत्रणात सत्ता स्वतः लगाम हाती धरते. नियमनात सर्वांना सारखे लागू होणारे नियम ठरतात आणि ते पाळले जातात की नाही, हे स्वतंत्र संस्था पाहते. १९९५ मध्ये शासन स्वतः सेवा देत होते आणि प्रतिस्पर्ध्यांना परवानेही देत होते. खेळाडूच पंच असेल, तर निकालावर विश्वास कसा बसावा? या अडचणीतून १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. पुढे प्राधिकरण व दूरसंचार विभाग यांच्यात अधिकारांवरून वाद झाले. २००० च्या दुरुस्तीने तंटे सोडवण्याचे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे गेले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शासनाच्या सेवा भारत संचार निगमाकडे सोपवण्यात आल्या.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले होते. २ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हे तत्त्व वरवर न्याय्य वाटते. परंतु रांग कधी लागणार, हे काहींनाच आधी कळत असेल, तर ते तत्त्व अन्यायाचे साधन बनते. त्यानंतर वर्णपटाच्या वाटपासाठी लिलावावर भर आला.

ग्राहकाच्या दृष्टीने दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये, संकेतस्थळ पाहून इंटरनेटचा दर वेगळा लावण्यास प्राधिकरणाने मनाई केली. मात्र एकेकाळी परिमंडळागणिक अनेक कंपन्या असलेल्या या बाजारात आज तीन मोठ्या खाजगी कंपन्या आणि सार्वजनिक निगम एवढेच मुख्य स्पर्धक उरले आहेत. स्पर्धक घटले की ग्राहकाची निवड आकसते, म्हणून नियामकाची जबाबदारी वाढते.

४.५ सारांश

मक्तेदारी, मर्यादित स्पर्धा, विस्तार आणि पुन्हा मोजके स्पर्धक, असा हा प्रवास आहे. नियम आपल्या हिताचे असले, तरी ते आपणांस समजणाऱ्या भाषेत नसतील, तर हक्क कागदावरच राहतो. मराठीच्या अभ्यासकाचे काम येथे सुरू होते.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘तार’ या संज्ञेच्या अर्थविस्ताराचे व्यावहारिक परिणाम सांगा.
२. नियंत्रण व नियमन यांतील फरक आपल्या परिसरातील दुसऱ्या एखाद्या सेवेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या भ्रमणध्वनीवर आलेली सेवाशर्तींची एक सूचना सुबोध मराठीत लिहा. ती घरातील ज्येष्ठ व्यक्तीस वाचून दाखवा आणि कोणता शब्द अडला, त्याची नोंद करा.