नाव घातले, पुढे काय?

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रज लागते. पूर्वी ते गाव होते. आता ते पुणे शहरात आले आहे. तिथे डोंगराच्या पायथ्याशी मोठे तळे आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, इसवी सन १७५० च्या सुमारास, तिथे पाणी अडवले. पण पाणी कात्रजला आणि माणसे पुण्यात! मग जमिनीखालून नळ बांधला. त्या नळाने पाणी शहरातल्या हौदांत आले. तिथून लोकांनी घागरी भरून घरी नेले.

विद्येचेही असेच आहे. आज विद्येची तळी पुष्कळ आहेत. शाळा आहेत, कॉलेजे आहेत, विद्यापीठे आहेत. पण तिथले पाणी आपल्या घागरीत यायला नळ लागतो. तो नळ कुठे आहे, हे आम्ही या धड्यात सांगणार आहोत.

नाव घालणे सोपे, टिकणे अवघड

कात्रजच्या चौकात सकाळी उभे राहा. भोर, खेड शिवापूर या बाजूची कितीतरी मुले-मुली शिकायला येताना दिसतील. जवळच भारती विद्यापीठ आहे. पतंगराव कदम यांनी ते १९६४ साली स्थापन केले. पुढे शहरात आणखी कितीतरी कॉलेजे आहेत.

यांतली बरीच मुले घरातली पहिलीच कॉलेजात जाणारी असतात. आईबापांनी पोटाला चिमटा काढून फी भरलेली असते. पण घरी अभ्यास विचारायला कोणी नसते. कॉलेजात इंग्रजी पुस्तक पुढे येते. चार ओळी वाचल्या की डोके गरगरते. विचारावे, तर वर्ग हसेल अशी भीती. मग एक दिवस दांडी. मग आठ दिवस दांडी. शेवटी पोर म्हणते, "आई, मला नाही जमत."

घरचे म्हणतात, "जाऊ दे. आपल्या नशिबात नव्हतं."

आम्ही म्हणतो, हे नशीब नव्हे. पोर ढ नव्हते. त्याला नळ सापडला नाही, इतकेच.

मोठ्या माणसांचीही हीच गत होते. वर्गाला जातात, सही शिकतात, पुढे वाट दिसत नाही म्हणून थांबतात. वर्षभर वाचले नाही की शिकलेले पुसले जाते.

पुढची वाट कोणती?

देशात २०२२ सालापासून नव भारत साक्षरता कार्यक्रम सुरू झाला. त्याला 'उल्लास' असेही म्हणतात. तो १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे. त्याची परीक्षा १५० गुणांची. वाचनाला ५०, लेखनाला ५०, आकडेमोडीला ५०. महाराष्ट्रात ही परीक्षा १७ मार्च २०२४ ला प्रथम झाली. तुमच्यापैकी काहींनी ती दिलीही असेल.

त्याच्या पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. मुक्त म्हणजे मोकळे. रोज शाळेत जायचे बंधन नाही. मोठ्या माणसांसाठी तिथे तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी तिसरीच्या बरोबरीची, दुसरी पाचवीच्या, तिसरी आठवीच्या. पुढे दहावी आणि बारावीही करता येते. दहावीला वयाची १४ वर्षे पुरी लागतात. वरची मर्यादा नाही. साठीची आजीही बसू शकते. दहावी मराठीतून देता येते. एका दमात सगळे विषय सुटलेच पाहिजेत असे नाही. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षा देता येते. सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. शेतीच्या कामातून एकेक विषय सोडवला तरी चालतो. या विद्यालयाचे विभागीय केंद्र पुण्यात आहे.

त्याच्याही पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली नाशिकला स्थापन झाले. विद्यापीठ नाशिकला असले तरी शिकायला नाशिकला जावे लागत नाही. गावोगावच्या कॉलेजांत त्याची अभ्यासकेंद्रे आहेत. तिथले शिक्षक अडलेले समजावून देतात. त्यांना 'संमंत्रक' म्हणतात. विद्यापीठाची पुस्तकेही घरी बसून वाचता यावीत अशीच लिहिलेली असतात. तळे नाशिकला, आणि हौद आपल्या जवळ!

पुस्तक कुठे मिळेल?

शाळेची पुस्तके बालभारती ही संस्था काढते. ती १९६७ साली पुण्यात सुरू झाली. तिची पुस्तके दुकानात मिळतात. मोबाइलवर तीच पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशही मोबाइलवर फुकट वाचता येतो. घरात एखादा शिकलेला नातू असेल, त्याला सांगा, "बाळा, एवढं उतरवून दे."

दुसरी जागा म्हणजे वाचनालय. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे आहे. इतके जुने! महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तेव्हापासून सरकार गावोगावच्या वाचनालयांना अनुदान देते. तिथे गरीब-श्रीमंत हा भेद नाही. थोडी अनामत आणि वर्गणी भरली की पुस्तक घरी नेता येते. आत बसून वर्तमानपत्र वाचता येते. शिवाय तिथे शांतता असते. एका खोलीच्या घरात जे मिळत नाही, ते तिथे मिळते.

पैसा आणि आसरा

काही मुले बुद्धीने मागे पडत नाहीत, पोटाने मागे पडतात. त्यांच्यासाठी वाट घालून देणारे मोठे गृहस्थ म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याला वसतिगृह चालवले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. एकदा वसतिगृहात धान्य नव्हते. तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. मंगळसूत्रही मागे ठेवले नाही. भाऊराव मुलांना म्हणत, फुकट घेऊ नका, हाताने काम करा आणि शिका.

त्यांच्याच नावाने पुणे विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना चालते. मुले ग्रंथालयात, बागेत, कचेरीत काही तास काम करतात. त्याचे पैसे मिळतात. विद्यापीठाच्या कॉलेजांतही ही योजना आहे. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यांतल्या गरजू मुलामुलींना राहायला आसरा देते. सरकारी शिष्यवृत्त्या तर पुष्कळ आहेत. पण त्यांची मुदत असते. मुदत गेली की पैसे गेले. म्हणून कॉलेजात नाव घातले की पहिल्याच आठवड्यात कचेरीत जाऊन विचारावे.

एकटे शिकू नका

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात रात्रशाळा काढली. दिवसा राबणारे शेतकरी-मजूर रात्री शिकत. दिवसभर घाम गाळून आलेली ती माणसे एकमेकांच्या सोबतीने अक्षरे गिरवत.

अमेरिकेतही कामकरी लोकांसाठी गावाजवळची कॉलेजे आहेत. त्यांतले सगळ्यांत जुने १९०१ सालचे. तशा कॉलेजांत शिकवणीची वेगळी खोली असते. पुढच्या वर्गातला मुलगा मागच्या वर्गातल्याला तिथे शिकवतो. आपल्या देशात असे पहिले कॉलेज १९९५ साली पाँडिचेरीत निघाले.

पण कॉलेज हवेच असे नाही. चार जणींनी मारुतीच्या देवळात बसून अभ्यास केला तरी ती शिकवणीची खोलीच झाली. एकीला हिशेब येतो, दुसरीला वाचन चांगले येते. देवाणघेवाण करावी. आठवड्यातले दोन वार ठरवावेत. ठरलेला वार मोडू नये.

लाज सोडा, तोंड उघडा

कुठलीही मदत आपण होऊन दारात येत नाही. मागावी लागते. पहिल्यांदा जीभ अडखळते. म्हणून ही चार वाक्ये पाठ करा. मुलांनाही शिकवा.

"सर, मला समजलं नाही. पुन्हा सांगता का?"

"बाई, तुम्हाला कधी वेळ असतो? मी विचारायला येईन."

"या विषयाचं सोपं मराठी पुस्तक आहे का?"

"माझ्यासाठी कोणती शिष्यवृत्ती आहे? शेवटची तारीख कोणती?"

शेतात बी उगवले नाही तर आपण दुकानदाराला विचारतो. बैल आजारी पडला तर डॉक्टरला विचारतो. त्यात कमीपणा वाटत नाही. मग गणित अडले तर का वाटावा?

एक गोष्ट मात्र जपा. "पैसे द्या, अभ्यास नको, परीक्षा नको, सर्टिफिकेट घरपोच देतो," असे कोणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवा. असा कागद नोकरीला उपयोगी पडत नाही. उलट गुन्हा अंगावर येतो. संस्था मान्यतेची आहे ना, हे शाळेच्या हेडमास्तरांना विचारून मगच पैसे भरा. पावती घ्या. पावती वाचा. आता तुम्हाला वाचता येते!

सांगा पाहू

१. कात्रजचे पाणी पुण्यात कसे आले?
२. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला किती वर्षांत किती वेळा परीक्षा देता येते?
३. लक्ष्मीबाईंनी काय दिले? कशासाठी?
४. 'कमवा व शिका' म्हणजे काय?

करून पाहा

तुमच्या गावात किंवा आळीत मध्येच शिक्षण सोडलेले एक तरी मूल असेल. त्याच्या घरी जा. का सुटले ते विचारा. लाज, पुस्तक, पैसा की सोबत, यांतले काय कमी पडले ते वहीत लिहा. वही वर्गात आणा. पुढच्या बैठकीत आपण त्यावर बोलू आणि त्या मुलाला परत कसे पाठवायचे ते ठरवू.