टप बदलून पिकअप वाढत नाही

“कापडी टप काढा, फायबरचा कडक टप बसवा. पिकअप वाढलं नाही तर पैसे परत.” पुण्याच्या एका गॅरेजवाल्याने नारायणगावच्या एका गाडीमालकाला हे ठासून सांगितलं, पैसे मोजून घेतले आणि पुढे फोन उचलणंच बंद केलं. तो गाडीमालक म्हणजे प्रस्तुत लेखक. पैशांपेक्षा चीड आहे ती त्या ठामपणाची. कारण त्याच्या बोलण्यात थोडं खरं होतं, आणि तेवढ्याच्या जोरावर बाकीचं खपवलं गेलं.

गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, 1998 च्या सुमारास बाजारात आलेली, दोन आसनांची, फायबर बॉडीची. इंजिन रेनोचं, 1149 सीसी, ताकद 60 अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्या ताकदीत प्रत्येक किलोचा हिशेब लागतो.

इंजिन तेच असेल तर पिकअप ठरतं मुख्यतः वजनावर. अखेरचा वेग ठरतो ताकद आणि वारा यांच्यावर. गॅरेजवाले या दोन गोष्टी एकत्र कालवतात. टप उघडा असला की काचेवरून आलेली हवा आत कोसळते, आसनांमागे भोवरे होतात आणि गाडी मागे ओढली जाते. वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. म्हणून बंद, गुळगुळीत टपाचा फायदा खरा आहे, पण तो मिळतो वरच्या वेगात. ताशी साठ किलोमीटरच्या आत तो जवळजवळ जाणवत नाही.

वाऱ्याचा भार काय असतो हे नारायणगावच्या भागात वेगळं सांगायला नको. जवळच्या खोडदच्या रेडिओ महादुर्बिणीच्या, आसपास पसरलेल्या 30 तबकड्यांचा व्यास प्रत्येकी 45 मीटर आहे. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. गाडीच्या टपाला ही सोय नाही.

नवा टप बसवल्यावर खेड घाटाच्या चढाला गाडी दमायला लागली. गॅरेजवाल्याची उत्तरं ठरलेली होती: पेट्रोल भेसळीचं असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, आणि शेवटी, “साहेब, तुम्हाला चालवता येत नाही.” हे वाक्य अजून बोचतं. उलगडा झाला नारायणगावातल्या वजनकाट्यावर. गाडी एकदा टपासह आणि एकदा टप उतरवून काट्यावर घातली, तेव्हा फरक निघाला पन्नास किलोच्या घरात. फायबरच्या आत लोखंडी अँगलची चौकट होती आणि मागे जाड काच. आठशे किलोच्या गाडीत पन्नास किलो म्हणजे सहा टक्के. शंभरचा वेग गाठायला जिथे पंधरा सेकंद लागायची, तिथे जवळपास एक सेकंद वाढणारच.

मोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नाही. मागच्या पिढीची मिनी कूपर एस ही गाडी बंद टपाची घेतली तर शून्य ते शंभर 6.7 सेकंदांत जायची. उघडझाप टपाच्या गाडीला 7.1 सेकंद लागायचे, कारण टप कापल्यावर बॉडी मजबूत करायला खालून जादा पोलाद घालावं लागतं. माझदा एमएक्स-5 च्या तिसऱ्या पिढीत घडीचा कडक टप आला. त्याने साधारण 37 किलो वजन वाढलं, पिकअप किंचित घटलं, अखेरचा वेग मात्र थोडा वाढला. बीएमडब्ल्यूने 2009 च्या झेड-4 ला घडीचा धातूचा टप दिला होता. 2018 मध्ये ती कंपनी पुन्हा कापडावर आली.

तेव्हा टप विकत घेण्याआधी तो काट्यावर ठेवायला सांगा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा. वजन टपावर चढलं की वळणावर गाडी जास्त कलते, त्यामुळे माळशेज घाटात जाणाऱ्यांनी हे आधी पाहावं. उघड्या टपाने जाताना बाजूच्या काचा वर ठेवा. भोवरे कमी होतात. कापडी टप वेगात फुगतो, त्याची शिवण आणि क्लिपा दरवर्षी तपासा. पक्कं बिल घ्या. तोंडी हमीला काही किंमत नसते.

आणि साधी हॅचबॅक कापून तिची उघडी स्पोर्ट्स कार करून देणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केलं आहे. अशा गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.