मैत्रीतला सौदा आणि अमानत

ऑक्टोबरात वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी सुरू झाली की एक वाक्य हमखास कानी पडते : "तुझ्यामाझ्यात भाव काय ठरवायचा? तू लावशील तो खरा." वाक्य प्रेमाचे आहे, परंतु अनेक मैत्र्या याच वाक्याने तुटतात.

आमच्या मशिदीत एकाच सफमध्ये उभे राहणारे दोन मित्र होते. एक शेतकरी, दुसरा व्यापारी. माल घरूनच उचलला गेला. ओलाव्याची कपात किती आणि रक्कम केव्हा, हे ठरलेच नाही. पुढे दोघे वेगवेगळ्या सफमध्ये दिसू लागले. शेतकऱ्याने मला विचारले, "इमामसाहेब, हिशेब मागणे म्हणजे मैत्रीचा अपमान आहे का?"

याचे उत्तर हिजरतच्या प्रसंगात आहे. ह. अबू बकर (रजि.) यांनी प्रवासासाठी दोन उंटिणी तयार ठेवल्या होत्या. त्यांतील एक त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना देऊ केली. प्रेषितांनी ती स्वीकारली, मात्र किंमत देऊनच. यापेक्षा जवळची मैत्री कोणती? तरीही किंमत बोलली गेली आणि मैत्रीला बाधा आली नाही.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. मित्रांना त्यातून सूट दिलेली नाही. पुढच्याच आयतीत, विश्वासावर व्यवहार झाला तर विश्वास ठेवला गेलेल्याने अमानत परत करावी व अल्लाहचे भय बाळगावे, असे बजावले आहे. बहुसंख्य फुकहांच्या मते लिहिणे मुस्तहब आहे. परंतु किंमत अज्ञात ठेवून केलेला सौदा मात्र त्यांच्या दृष्टीने सदोष ठरतो. म्हणून "तू लावशील तो भाव" हा सौदाच नव्हे.

जबाबदारी अधिक जाणणाऱ्यावर अधिक असते. ह. जरीर (रजि.) यांच्यासाठी एक घोडा 300 दिरहममध्ये ठरला. घोडा याहून मोलाचा आहे, असे त्यांनी स्वतःच मालकाला सांगितले आणि वाढवत वाढवत 800 दिरहम दिले. कारण प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा त्यांनी प्रेषितांपाशी केली होती. बाजारभाव ठाऊक असलेल्या व्यापाऱ्याने मित्राच्या अज्ञानावर नफा कमावणे या प्रतिज्ञेत बसत नाही.

आपल्या जिल्ह्यातील कारंजा येथे 1886 मध्ये देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली. वजन आणि भाव देखरेखीखाली असावेत, ही गरज आपल्या मातीने फार पूर्वी ओळखली होती. नियम हा अविश्वास नव्हे. तो दुर्बळाचा आधार आहे.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. माल उचलण्यापूर्वी भाव, कपात व मुदत दोघांनी बोलून लिहावी. सवलत द्यायची असेल तर ती सवलत म्हणूनच स्पष्ट सांगावी. नंतर उपकार काढून दाखवू नये. आणि भागीदाराचा, भावाचा किंवा मालकाचा पैसा आपल्या मैत्रीखातर सोडू नये. तो आपला नाही. सूरह निसाच्या 135 व्या आयतीत तर स्वतःच्या व आप्तांच्या विरोधातही न्यायावर ठाम राहण्यास सांगितले आहे.

त्या शेतकऱ्याला मी एवढेच म्हणालो, "भाई, हिशेब मागा, पण सलाम आधी करा." त्या सायंकाळी असरनंतर दोघे मशिदीच्या ओट्यावर काट्याची चिठ्ठी घेऊन बसले. रक्कम पूर्ण जुळली नाही. उरलेली शेतकऱ्याने मोठ्याने सांगून माफ केली. मगरिबला दोघे एकाच सफमध्ये होते.